गणपती झाल्यावर

कांचनला वारांची नावं यायची नाहीत. आज सोमवार की मंगळवार, असं विचारलं की ती गोंधळायची. पण आज कोण, असं विचारलं की घडाघडा सांगायची. आज आबासाहेब. उद्या वैद्यबुवा. परवा शारदाकाकू. सहा वर्षांच्या त्या पोरीचा आठवडा असा घराघरांतून फिरत रविवारी गोदूबाईंच्या दारात येऊन थांबायचा. गोदूबाईंना त्याचं फार कौतुक. "बघा कशी चलाख आहे," म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर तिच्याकडून ते म्हणून घ्यायच्या. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, हे लक्षात यायला त्यांना वर्ष लागलं.

मुळात ही युक्ती गोदूबाईंचीच. गरीब मुलगा शिकायला आला की सात घरांनी त्याचा एकेक वार वाटून घ्यायचा, म्हणजे कुणाच्याच चुलीवर भार पडत नाही, ही रीत झाशीच्या लक्ष्मी गेटच्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. राज्य गेलं, हत्ती-घोडे गेले, घरातल्या मराठीत हिंदी इतकी मिसळली की रेल्वेतले नवे मराठी लोक ऐकून गालात हसायचे. पण वार राहिले. मात्र वारावर जेवायचा तो मुलगा. मुंज झालेला, दप्तर घेऊन येणारा, चार वर्षांत शिकून मार्गाला लागणारा. अख्ख्या संसाराला वार लावल्याचं झाशीत कुणी ऐकलं नव्हतं. ते गोदूबाईंनी केलं.

मंदीचं साल होतं. रेल्वेच्या कारखान्यातून माणसं कमी केली, त्यात भुसावळकडचा विश्वंभर नावाचा फिटर होता. अकरा वर्षांची नोकरी आणि नोकरीबरोबर मिळालेलं क्वार्टर, दोन्ही एका कागदानं गेलं. गावी भाऊ होता, पण भावाला बायकोही होती, आणि तिनं पत्राचं उत्तर स्वतः पाठवलं होतं. मग विश्वंभर, त्याची बायको जानकी आणि कांचन, तिघं ट्रंका घेऊन स्टेशनातल्या मुसाफिरखान्यात येऊन बसले. तिथे रात्री काढायला तिकीट लागतं. त्यांनी एका जवळच्या स्टेशनाची सगळ्यात स्वस्त तिकिटं काढून ठेवली होती. पहारेकऱ्याला रोज तीच दाखवायची. तो मोठा भला माणूस. तारीख वाचता येत असूनही त्यानं आठ दिवस वाचली नाही.

गोदूबाई बहिणीला गाडीवर बसवायला गेल्या होत्या. परत फिरताना गर्दीतून कानावर आलं, "कांचन, पाय आखडून बस, लोकांना जायला वाट नको का?" परमुलखात आपली भाषा कानावर पडली की पाय आपोआप थांबतात. गोदूबाईंचा तर हा मुलूखही पाच पिढ्यांचा, तरी थांबले.

"कोणत्या गाडीची वाट बघून राहिलात?" त्यांनी विचारलं.

जानकी म्हणाली, "कोणत्याच नाही."

तासाभरात टांगा लक्ष्मी गेटला लागला. दोन ट्रंका, एक वळकटी, हत्यारांची एक लोखंडी पेटी आणि तीन माणसं उतरताना बघून गोपाळरावांनी चष्मा वर केला. ते शाळेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून फक्त बायकोचेच पेपर तपासायचे.

"बहिणीला पोचवायला गेली होतीस ना?"

"पोचवली."

"मग हे काय, मोड आली?"

गोदूबाई आधीच हिशेबाला लागल्या होत्या: सोमवार कुणाला, मंगळवार कुणाला.

राहायला गणपतीच्या देवळामागची खोली मिळाली. तिथे पालखी, बिछायती आणि उत्सवाची मोठी पातेली असायची. ती एका अंगाला सरकवली. वारांसाठी मात्र आबासाहेबांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. आबासाहेब म्हणजे गल्लीतले सगळ्यात वडील. त्यांनी बरोबर मुद्द्यावर बोट ठेवलं. "मुलगा शिकतो म्हणून त्याला वार. ही मोठी माणसं. ही काय शिकणार?"

"उभं राहायला शिकतील," गोदूबाई म्हणाल्या.

वाक्य झकास होतं. शारदाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला. गोदूबाईंना स्वतःलाही ते इतकं आवडलं की पुढचे दोन महिने त्या ते जिथे-तिथे सांगत होत्या, आणि एकदा सांगून झाल्यावर ते काम जवळजवळ झालंच, असं त्यांना वाटायला लागलं होतं.

पहिल्या सोमवारी आबासाहेबांकडे पान वाढलं. छत्तीस वर्षांचा विश्वंभर त्यांच्या नातवाशेजारी पाटावर बसला. नातू तेरा वर्षांचा. दोघांच्या पानात एकाच वेळी वरण पडलं. विश्वंभरचे कान लाल झाले होते. तो पहिल्या भातावरच हात धुवायला उठला आणि ओसरीवरच्या बंद पडलेल्या घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. "उघडून बघू का?" त्यानं विचारलं. संध्याकाळी चार वर्षांनी त्या घरात टोल पडले.

मग रीतच पडली. मंगळवारी वैद्यबुवांच्या तराजूचा काटा. गुरुवारी वकीलसाहेबांच्या ऑफिसातला पंखा. शनिवारी कमळामावशींच्या कोठीचं कुलूप, जे मावशींखेरीज कुणालाच उघडायला नको होतं आणि शेवटी मावशींनाही उघडेना. विश्वंभरचे हात असे की लोखंड त्यांचं ऐकायचं. जानकी आत निवडण-टिपण, पापड, शिवण. पैशाची गोष्ट कुणी काढली नाही. घरच्या माणसाला कुणी पैसे देतं का? "अहो, आपलेच आहेत ते," असं सगळे म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. सात घरांना फुकटात एक मिस्त्री मिळाला होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण त्याला पोसतोय.

जानकीनं एकदा विचारलं, "काकू, खोलीच्या बाहेर आडोशाला एक चूल मांडू का? एकवेळचं तरी."

"देवाच्या बिछायतीला धूर लागेल गं. आणि चूल कशाला पाहिजे? सात चुली आहेत की तुझ्या."

"हो, त्या आहेत," जानकी म्हणाली.

श्रावण लागला तेव्हा विश्वंभर एका रविवारी जेवण झाल्यावर गोदूबाईंसमोर येऊन बसला. एरवी तो खाली बघून बोलायचा. त्या दिवशी समोर बघत होता. स्टेशनापलीकडे सिपरी बाजारात एक जागा त्याला सापडली होती. पुढे दुकान, मागे खोली. मालक साहू, तेलाचा व्यापारी. तिथून लोको शेड, कारखाना, साहेबलोकांचे बंगले, सगळं जवळ. स्टोव्ह, सायकली, शिवणयंत्रं, पेट्रोमॅक्स, दुरुस्तीला तोटा नाही.

"मागच्या खोलीला गल्लीकडे खिडकी आहे," जानकी दारातून म्हणाली. ती स्वतः जाऊन बघून आली होती हे उघड होतं.

"मग अडलं कुठे?" गोदूबाईंनी विचारलं.

"शब्दावर," विश्वंभर म्हणाला. "पहिले दोन महिने ते भाडंसुद्धा मागत नाहीत. पण म्हणतात, रेल्वेतून निघालेली माणसं एक दिवस गाडीत बसतात आणि गायब होतात. इथलं कुणीतरी सांगायला पाहिजे की हा राहील म्हणून. मी तुमचं नाव सांगितलंय."

"चांगलं केलंत. माझा शब्द आहेच की."

"ते येतील विचारायला. मी देवळात असेन. काकू, मला तेवढी हाक मारा. लगेच येतो. हातातलं टाकून येतो."

हातातलं म्हणजे गोवर्धन. आता ते सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फिरलं.

झाशीत मराठ्यांचे गणपती दोन. एक लक्ष्मी गेटच्या जुन्या घराण्यांचा, एक रेल्वेच्या लोकांचा. जुन्यांच्या मते रेल्वेवाले म्हणजे बदलीची माणसं, आज इथे, उद्या इटारसीला, त्यांचा उत्सव तो काय. रेल्वेवाल्यांच्या मते जुने म्हणजे अंगरख्याच्या घड्या सांभाळत बसलेली मंडळी. गेली तीन वर्षं गर्दी मात्र रेल्वेच्या गणपतीला. त्यांच्याकडे विजेचे दिवे, हलती आरास, पुण्याहून कीर्तनकार. इकडे आबासाहेबांचं तेच मखर आणि तीच मंत्रपुष्पांजली. त्या वर्षी गोदूबाईंनी आबासाहेबांना सांगितलं, "यंदा गोवर्धन उचलू." आणि विश्वंभर खरंच त्या कामाला लागला. गोणपाटाचा डोंगर, आत बांबूचा सांगाडा, खाली चाकं, पट्टे, दोऱ्या. मागे बसून एकानं दांडा फिरवला की मुरलीधराची करंगळी वर जाणार आणि तिच्यावर डोंगर तरंगत उठणार, खालच्या गाई माना हलवणार. गाव आधीच बघायला येऊन जात होतं. रेल्वेवाल्यांचे दोन लोकही येऊन गेले आणि काही न बोलता गेले, म्हणजे जिंकलंच.

साहू आला तो चतुर्थीला चार दिवस उरले असताना, भर दुपारी. डोक्याला पंचा, हातात छत्री, चपला बाहेर काढून अदबीनं ओसरीच्या पायरीवर बसला. गोदूबाईंनी गूळपाणी दिलं.

"बाई साब, बे मिस्तरी अपनेई आदमी आंय?"

"हाँ जी, एकदम अपने. घर के ही समझिए."

"टिकेंगे?"

"टिकेंगे. मेरा वचन है."

साहूची मान हलली. त्याला एवढंच हवं होतं. "तो बस. परसों दिन अच्छा है. मिस्तरी से कहिए, परसों सुबह आके औजार रख जाएँ, चूल्हा जला लें. एक ललितपुर वाला लड़का भी पीछे पड़ा है, साइकिल का काम करता है. पर जबान पहले इनको दी है."

परवा. गोदूबाईंच्या मनात पहिल्यांदा आनंदच झाला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. मग दुसऱ्या क्षणी त्यांना डोंगर दिसला. त्याचे पट्टे अजून बसले नव्हते. काल चाचणीला डोंगर एका बाजूनं उठला होता आणि दोन गाई त्याखाली सापडल्या होत्या. विश्वंभर परवा सिपरीला गेला, की तिकडचाच झाला. दुकान लावायचं, खोली झाडायची, पाणी भरायचं. तो काय इकडे दोऱ्या ओढत बसणार? आणि चतुर्थीला सगळी झाशी आलेली, समोर अर्धवट गोणपाट.

देऊळ चाळीस पावलांवर होतं. हातोडीचा आवाज ओसरीवर येत होता.

"ऐसा कीजिए साहूजी," गोदूबाई म्हणाल्या, "वो अभी गणपती के काम में हैं. भगवान का काम है. गणपती हो जाने दीजिए. विसर्जन के दूसरे दिन मैं खुद भेजती हूँ."

साहूनं छत्रीच्या मुठीवरून हात फिरवला. "बाई साब, गनपति के बाद तौ करय दिन लग जात. पंद्रह दिन कोई नओ घर लेत है?"

हे गोदूबाईंना कुणी सांगायला हवं होतं असं नाही. अनंत चतुर्दशी झाली की पितृपंधरवडा. त्यात नवं काही करायचं नाही, नव्या घरात पाऊल तर नाहीच. आपल्याकडे सगळ्या गोष्टी गणपती झाल्यावर असतात, आणि गणपती झाल्यावर पितर असतात. जन्मभर पंचांग पाहून वागलेल्या बाईला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? माहीत होतं. त्या क्षणी ते त्यांनी नजरेआड केलं, इतकंच.

"तो दशहरे पर," त्या म्हणाल्या. "दशहरे से अच्छा दिन कौन-सा? महीने की तो बात है."

"आप कह रहीं तो..." साहू उठला. त्याच्या चेहऱ्यावर नकार नव्हता, होकारही नव्हता. व्यापाऱ्याचा चेहरा होता. चपला घालून तो उन्हात निघून गेला.

गोपाळराव आतल्या बाजेवर वर्तमानपत्र धरून होते. पान न उलटता म्हणाले, "हाक मारायला हवी होती त्याला."

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे."

"चार दिवसांचाच होता म्हणून म्हणतो."

"तुम्हाला काय कळतंय. वर्षाचं काम आहे, सगळ्या गल्लीची इज्जत आहे. आणि त्याला काय इथे उपाशी ठेवलंय?"

गोपाळरावांनी पान उलटलं. मास्तरानं कच्ची वही मिटावी तसं.

चतुर्थीला डोंगर उठला. सरळ उठला, हळूहळू, डौलानं, आणि करंगळीवर स्थिर झाला. गाईंनी माना हलवल्या. देवळाच्या दारापासून लक्ष्मी गेटच्या कमानीपर्यंत माणसं दाटली होती. बडा बाजारचे सराफ सहकुटुंब आले, सिविल लाइन्समधून दोन साहेब येऊन गेले, आणि तिसऱ्या दिवशी रेल्वेचे गणपतीवाले आपली आरती लवकर आटोपून आले. आबासाहेबांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं काढून विश्वंभरच्या खांद्यावर घातलं. त्या वेळी तो मागे बसून दांडा फिरवत होता. घामानं निथळत होता. गोदूबाई बायकांत उभ्या होत्या. जन्मात कधी वाटलं नव्हतं इतकं त्यांना त्या दिवशी भरून आलं.

पाचव्या दिवशी आरती झाल्यावर त्यानं विचारलं, "काकू, साहूजी आले नाहीत ना अजून?"

आला क्षण सोपा होता. येऊन गेले, मी दसऱ्याचं सांगितलंय, एवढंच म्हणायचं. निदान तो धावत जाऊन विचारून तरी आला असता. पण मग इतके दिवस का नाही सांगितलं, हे आलं. गोदूबाईंच्या हातात तबक होतं. त्या निरांजनाकडे बघत म्हणाल्या, "येतील हो. कुठे जातायत."

पुढे आयुष्यात त्यांनी ते वाक्य पुष्कळ वेळा मनात परत म्हणून पाहिलं. पहिलं जे केलं त्याला काहीतरी कारण तरी होतं. डोंगर होता, देव होता, गल्ली होती. ह्याला काही नव्हतं.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वंभर न सांगता सिपरीला गेला. गोदूबाईंना जानकीकडून कळलं, आणि त्या अंगणात तुळशीपाशी उगाचच बसून राहिल्या. बाराच्या सुमाराला तो परत आला. अंगणात आला, थांबला.

"साहूजी भेटले?" गोदूबाईंनी विचारलं.

"भेटले."

त्याच्या आवाजात काही नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं.

"काकू," तो म्हणाला, "तुमच्या रहाटाची कप्पी बसवायची राहिली होती. बसवून टाकतो." आणि विहिरीवर जाऊन त्यानं ती बसवली. दोन वेळा पोहरा सोडून पाहिला, हात धुतले, आणि त्या दिवशी ज्यांचा वार होता तिकडे जेवायला गेला.

दुकान ललितपूरच्या पोराला गेलं होतं. श्रीकृष्ण त्याचं नाव. ज्या परवाच्या दिवशी विश्वंभरनं हत्यारं ठेवायची होती, त्याच दिवशी त्यानं ठेवली.

मग ते वर्ष गेलं. असं एका ओळीत म्हणायला सोपं आहे. सिपरीत दुसरी जागा नव्हती. असली तर मालक आगाऊ भाडं मागायचे. विश्वंभर दोनदा कामाच्या शोधात बीना आणि आग्र्याकडे जाऊन आला. इकडे वार झिजायला लागले. वैद्यबुवा मुलाकडे ग्वाल्हेरला गेले, तो मंगळवार गोदूबाईंनी घेतला. वकिलांकडे बाळंतपण आलं, गुरुवारही घेतला. कमळामावशी वाढायच्या, पण भात झाकून ठेवलेला असायचा. सगळीच माणसं चांगली. पण चांगुलपणा चार-सहा महिने टिकतो, त्याच्यापुढे तो रोजचं काम होतो. कांचनची शाळा नीट सुरूच झाली नाही, कारण जेवायची घरं शाळेच्या उलट्या दिशेला. तिला एक नवी सवय लागली. पानात पहिला घास पडायच्या आत ती "पुरे" म्हणायची. गोदूबाई वाढायला वाकल्या की इवलासा तळवा पानावर आडवा. "अगं, अजून वाढलंच नाही," त्या म्हणायच्या. ती तळवा काढायची आणि पुढच्या पदार्थाला परत धरायची.

माघात आबासाहेबांनी विचारलं, "गोदूबाई, अजून उभी राहिली नाहीत का ही माणसं?" टोमणा नव्हता, वय झालं होतं, त्यांना खरंच ते वाक्य लक्षात राहिलं होतं. गोदूबाईंना चारचौघांत कुठे बघावं ते कळेना.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात विश्वंभरला काम मिळालं. श्रीकृष्णच्या दुकानात. त्या पोराचं बरं चाललं होतं; लोक स्टोव्ह आणायचे, शिवणयंत्रं आणायचे, आणि त्याला सायकलीपलीकडे फारसं येत नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं की लक्ष्मी गेटला एक मराठा मिस्तरी आहे, ज्यानं गोवर्धन उचलला होता. तो स्वतः येऊन विश्वंभरला महिन्यावर घेऊन गेला. महिन्याभरात त्यांनी बडा बाजाराच्या मागच्या गल्लीत एक खोली घेतली. जाताना जानकी सातही घरी जाऊन नमस्कार करून आली. "तुमचा सोमवार मोकळा झाला," असं आबासाहेबांना म्हणाली, आणि आबासाहेब हसले.

पंधरा दिवसांनी गोदूबाई नारळ घेऊन त्या खोलीत गेल्या. खोली अंधारी, एका अंगाला चूल. भिंत नुसती सारवलेली. जानकी भाकरी थापत होती. तिनं पाट दिला, आणि थापायचं थांबवलं नाही. तिला पहिल्यांदाच आपल्या हातातलं काम न टाकता कुणाशी बोलताना गोदूबाई पाहत होत्या.

"जानकी, मला तुला एक सांगायचंय. गेल्या साली साहू माझ्याकडे येऊन गेला होता. चतुर्थीच्या आधी. मी त्याला..."

"ठाऊक आहे काकू."

"कधीपासून?"

"ह्यांनी त्याच दिवशी सांगितलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मग तू वर्षभर माझ्याकडे जेवलीस. रविवारी, मंगळवारी, गुरुवारीही. एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलून काय करू? रागवायचं तर उठून जाता आलं पाहिजे, दार लावून घेता आलं पाहिजे. रागवायला घर लागतं काकू. तुमच्याच ओसरीवर बसून तुमच्यावर कुठे रागवत बसू?"

गोदूबाईंनी पाट पुढे ओढला. "मग आता रागव. आता आहे तुझं घर. दार लाव आणि बोल मला काय बोलायचं ते."

जानकीनं भाकरी उलटली. ती फुगली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की काय कोण जाणे. चुलीच्या धगीत नीट दिसलं नाही.

"आता वेळ कुठे आहे," ती म्हणाली. "ह्यांचा डबा जायचाय. मालक वेळेचा कडक आहे."

एवढंच. नंतर तिनं गोदूबाईंना गूळशेंगदाणे दिले, वैद्यबुवांची चौकशी केली, आणि निघताना कुंकू लावलं. तक्रार करायला काही जागा नव्हती.

भाद्रपद लागायच्या आधी गोदूबाईंचा स्टोव्ह बिघडला. खरं म्हणजे पिन बदलायची होती, ती लक्ष्मी गेटच्या कोपऱ्यावरही बदलून मिळाली असती. "सिपरीला नेते," त्या म्हणाल्या. गोपाळरावांनी ह्या वेळी काहीच तपासलं नाही. टांगा बोलावून दिला.

दुकानात विश्वंभर खाली बसून एका शिवणयंत्राचं पोट उघडत होता. त्यांना बघून तो उठला, हात पुसून नमस्कार केला, बाकावरची धूळ झटकली.

"बसा काकू."

"विश्वंभरराव, हा स्टोव्ह आणलाय. तुम्हीच बघा."

"आधी मालकांना दाखवा. काम कुणी घ्यायचं ते ते सांगतात."

मालक गल्ल्यामागे बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, मिशी नुकती नीट धरलेली. "मिस्तरीजी, आपकी जान-पहचान की हैं? तो पहले इन्हीं का कर दीजिए."

"नहीं भैया," विश्वंभर म्हणाला. "दो जन पहले से बैठे हैं. नंबर से होगा."

गोदूबाई बाकावर बसल्या. त्यांच्या आधी एक गार्ड होता आणि एक मेमसाहेबांचा खानसामा. दुकान चांगलं चालत होतं. येणारा प्रत्येक जण आधी श्रीकृष्णला "मालिक" म्हणून हाक मारायचा, आणि मग हातातली वस्तू विश्वंभरकडे द्यायचा. मागचं दार उघडं होतं. मागच्या खोलीत फाटक्या टायरांचा ढीग होता, मोडक्या सायकली होत्या, एक पेटी होती. गल्लीकडच्या खिडकीतून तिच्यावर ऊन पडलं होतं. खिडकीखाली चूल मांडण्याइतकी जागा होती. त्याच्या शेजारी पाणी ठेवायला कोनाडा होता. समोरच्या भिंतीशी एक पोरगी पाटी घेऊन बसली असती, इतकं ऊन तिथे होतं.

गोदूबाईंनी ती खोली कधी पाहिली नव्हती. येऊन बघायला टांग्यानं अर्धा तास लागला होता.

गार्डचा कंदील झाला. खानसाम्याचा स्टोव्ह झाला. मग विश्वंभरनं हाक मारली, आणि त्या आपला स्टोव्ह घेऊन उठल्या.